भंडारदऱ्याच्या वरल्या अंगास

नगर जिल्हा म्हटला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें ज्वारीचीं कोरडवाहू शेतें, आटलेले ओढे आणि जनावरांच्या छावण्याच उभ्या राहतात. आतां अहिल्यानगर असें नामांतर झालेल्या या जिल्ह्याचा जो पश्चिमेकडील कोपरा सह्याद्रीच्या माथ्यास जाऊन भिडतो, तो अकोले तालुका मात्र अगदींच निराळा. नगर शहरीं वर्षाकाठीं पाऊस पडतो सुमारें २२ ते २४ इंच. घाटघरच्या कड्यावर तोच १५० इंचांच्याही पुढें जातो.

वैशाखअखेर आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्यास गेलों, तें तलाव आणि रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ पाहावें म्हणून. देवळाचें वर्णन यापूर्वीं पुष्कळांनीं केलें आहे, सबब तें येथें करीत नाहीं. तलावाच्या कडेकडेनें जातांना ठिकठिकाणीं लहान लहान काळे चौकोन दिसत होते, कोठें धूर निघत होता. आमच्यांतील एका वडीलधाऱ्या बाईंनीं विचारलें, "हे लोक आपलीं शेतें जाळतात कीं काय?" प्रश्न भाबडा नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांनींही तोच विचारला होता, आणि १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या जंगल कमिशनच्या अहवालांत या ‘राबा’वर बराच खल झालेला आहे.

राब म्हणजे भाताच्या रोपांसाठीं भाजलेली जमीन. प्रथम शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, त्यावर गवत व पालापाचोळा आणि वरून बारीक माती, अशी रचना करून ती वाऱ्याच्या उलट दिशेनें सावकाश पेटवितात. राखेनें रोपांस खत मिळतें. उष्णतेनें तणाचें बीं मरतें. पाऊस लागतांच तेथें दाढ टाकावयाची आणि रोपें हातभर झालीं म्हणजे खाचरांत आवणी करावयाची. म्हणजे शेत भाताचें खरें, पण त्याचें अन्न येतें रानांतून. सातबाऱ्यावर रान वेगळें आणि खाचर वेगळें. शेतकऱ्याच्या हिशेबीं तें एकच खातें. झाडाच्या फांद्या बेतानें तोडल्या तर झाड पुन्हा फुटतें; शेंड्यासकट ओरबाडलें तर दहा वर्षांनीं राबही नाहीं आणि झाडही नाहीं.

खाचरांच्या वर उतारावर वरकस जमीन. तिच्यावर पहिल्या वर्षीं नागली, दुसऱ्या वर्षीं वरई, तिसऱ्या वर्षीं खुरासणी, आणि मग कांहीं वर्षें पड. एका महादेव कोळी म्हाताऱ्यानें आम्हांस सांगितलें, "दादा, माणूस निजतो तशी भुईबी निजली पाहिजे." त्याच्या वडिलांच्या वेळीं उताराचे सात तुकडे होते, तीन पिकत, चार निजत. पुढें भाऊ वेगळे झाले. ज्याच्या वाट्यास एकच तुकडा आला, त्यानें निजवावें काय आणि खावें काय? तो दरसाल नांगरूं लागला. चारपांच पावसाळ्यांत मातीखालचा खडक दिसूं लागला. आसामकडील डोंगरांतील झूम शेती किंवा मेक्सिकोंतील मिल्पा घ्या. पडीचीं वर्षें घटलीं कीं जमीन खचते, हा अनुभव सर्वत्र सारखाच. लोकसंख्येच्या वाढीस दोष देणें सोपें आहे. आमच्या मतें वाटणीच्या पद्धतीकडेही पाहावें. याच वाडींत एका घरानें चुली चार केल्या, पण उतार एकत्र ठेवला आहे. कोणता तुकडा यंदा निजवावयाचा, हें चौघे भाऊ होळीनंतर बसून ठरवितात. भांडणें होतात, असें त्यांच्या घरच्या बायकांनींच हंसत हंसत सांगितलें. तरी त्यांच्या उतारावर माती आहे.

राबाचा भारही हलका करतां येतो. गादीवाफ्यावर रोपें करणें आणि बांधांवर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलणीच्या वेळीं खाचरांत गाडणें, हे उपाय येथें कांहींनीं उचलले आहेत. गिरिपुष्प लवकर फुटतें, त्यामुळें ऐनावरची कुऱ्हाड पुष्कळ थांबते.

बियाण्याची गोष्ट निराळी. संकरित वाणाचें बीं दरसाल दुकानांतून आणावें लागतें, कारण घरीं धरलेलें बीं पुढील पिढींत मूळ गुणास उतरत नाहीं. याच तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं भात, वाल, घेवडा, भाज्या यांचीं गांवठी बियाणीं जमवून जतन केलीं आणि बाएफ संस्थेच्या साहाय्यानें बीजपेढी उभी केली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. काळभात, रायभोग अशीं नांवें ऐकतांना आमच्या आजींच्या स्वयंपाकघराची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

आतां हा तलाव. १९१० सालीं बांधकामास आरंभ होऊन १९२६ सालीं पुरें झालेलें हें धरण सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी साठवितें. प्रवरेच्या कालव्यांनीं तें संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे जातें. त्यावरच ऊंस पिकतो, लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहतो आणि आमच्या चहांत साखर पडते. उतारावरची माती सुटली कीं ती येते याच तलावाच्या तळाशीं. तथापि याच डोंगरांतील वाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका डोक्यावर दोनदोन हंडे घेऊन झऱ्याची वाट चालतांना आम्ही पाहिल्या. आणि खालीं तलाव चकाकत होता! १९८६ पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. काजवे पाहण्यास येणाऱ्यांच्या मोटारींची रीघ लागते. कांहीं मोटारी भाजलेल्या दाढीवरच उभ्या होत्या, हें पाहून खेद वाटला.

निघतांना त्या चार चुलींच्या घराकडून आम्ही पायलीभर नागली घेतली. ओसरीच्या कोपऱ्यांत राखेंत बीं घातलेलें, तोंड शेणानें लिंपलेलें एक गाडगें होतें. त्यांतलें मूठभर मुलांना दाखवावयास मागितलें, तेव्हां थोरल्या सुनेनें हंसून मान हलविली. मृगाला बारा दिवस उरले होते.