धबधब्याचे नाव

महाबळेश्वरी जाणारे बहुतेक जण नुसते डोळे घेऊन जातात. चार 'पॉइंट' पाहिले, सूर्यास्त पाहिला, की सहल पुरी झाली! पण या डोंगराची खरी ओळख व्हावी ती कानांनी. येथे वर्षाकाठी सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुके दाटले की समोरचे झाडही दिसत नाही. अशा वेळी वेण्णेवरचा लिंगमळा दिसण्याआधी ऐकू येतो : धबधब, धबधब. 'धबधबा' हे नाव त्या आवाजाचेच! संस्कृतातला 'प्रपात' पाण्याचे पडणे सांगतो. आपल्या पूर्वजांनी कानी आले तेच नाव ठेवले.

व्याकरणकार अशा शब्दांना अनुकरणवाचक म्हणतात. पाऊस भुरभुरतो, टपटपतो, धो धो कोसळतो. शब्द ऐकताच छत्री पुरेल की नाही ते कळते. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी मात्र खळखळते. एकच पाणी, पण जागा बदलली की शब्द बदलतो.

आजच्या मुलांना हे शब्द पाठ असतात, आवाज ठाऊक नसतो. उन्हाळ्यात लिंगमळा रोडावतो. दिवाळीच्या सुटीत मात्र त्याला पाणी असते. तेव्हा जा, मोटारीतली गाणी बंद करा आणि मुलाला विचारा, "पाणी काय म्हणतंय रे?" तो कोशात नसलेला शब्द सांगेल. हसू नका, 'धबधबा' असाच कुणीतरी पहिल्यांदा म्हटला असेल.