ताईची डोकेदुखी

माझी थोरली बहीण साताऱ्यात ब्लाऊज शिवते. लग्नसराई आली की तिच्याकडे अस्तराच्या ब्लाऊजांचा ढीग पडतो आणि दिवसभर मशिनवर मान घालून बसलेल्या ताईचं डोकं दुपार कलली की ठणकायला लागतं. दोन्ही बाजूंनी, कपाळापासून मानेपर्यंत, कुणी पट्टा आवळत न्यावा तसं. उलटी नाही, उजेडाचा त्रास नाही, चालण्या-फिरण्याने दुखणं वाढत नाही. डॉक्टर याला ‘टेन्शन-टाइप हेडेक’ म्हणतात. घरोघरी आढळणारी ही डोकेदुखी, आणि म्हणूनच कुणी मनावर न घेतलेली.

घरगुती उपाय ताईने पुष्कळ केले. सुंठ उगाळून लावली, तर कपाळ चुरचुरलं आणि दुखणं होतं तिथेच राहिलं. बामची बाटली मात्र मशिनच्या खणातून कधी हलली नाही, आणि ते योग्यच होतं. बामला आपण आजीबाईच्या बटव्यात टाकून मोकळे होतो, पण त्यातल्या मेंथॉलची बाजू भक्कम आहे. १९९६ साली जर्मनीतल्या कील शहरात ग्योबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच डोकेदुखीच्या ४१ रुग्णांवर प्रयोग केला. अल्कोहोलमध्ये मिसळलेलं १० टक्के पेपरमिंट तेल (मेंथॉल यातच असतं) कपाळाला आणि कानशिलांना लावलं, तर त्याचा गुण १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचा निघाला. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. तो गारवा नुसता भास नसतो. डोळ्यांपासून ते लांब ठेवायचं, तान्ह्या मुलांच्या चेहऱ्याला तर अजिबात लावायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं.

पण बामने दुपार निभावते, वर्ष निभावत नाही. ताईचं दुखणं वाढतच चाललं, तेव्हा मी तिला स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करायला लावल्या. दुखलं की तारखेवर टिंब, गोळी घेतली की गोल. दुधाचे खाडे आणि गिऱ्हाइकांचे वायदे यांच्या गर्दीत ते टिंब-गोल बसले. महिना संपल्यावर पान उलटून पाहिलं तर काही चौकटींत टिंबच नव्हतं, नुसता गोल होता. आज दुखेल म्हणून सकाळीच घेतलेली गोळी!

खरी गाठ तिथे होती. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की औषधच डोकेदुखीचं कारण होऊ शकतं. ताईच्या डॉक्टरांनी गोळी बंद केली. पहिले काही दिवस डोकं जास्तच दुखलं. तसं होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती टिकली.

मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिच्या मानेच्या वर, कवटीच्या कडेला अंगठा दाबला आणि ताई ओरडलीच, “अहो, हेच! कपाळात दुखतं ते हेच!” मानेतल्या आणि खांद्यातल्या आखडलेल्या स्नायूंची कळ कपाळात, कानशिलात जाणवते, ती अशी. हुक-काजं करताना ताई कापड मांडीवर घेऊन वाकायची. आता मांडीवर जाड उशी असते आणि काम डोळ्यांजवळ येतं. बाह्या जोडून झाल्या की उठून खांदे फिरवायचे, हा नियम. रात्री स्नायू एकेक आवळून सोडण्याचा व्यायाम. खांदे कानापर्यंत उचलायचे, धरायचे, सोडून द्यायचे. अमेरिकेतल्या एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत मांडली. त्याच दशकात, १९२४ साली, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला होता. शवासन आपल्याकडे कधीचंच होतं, ते ताईने या व्यायामाला जोडून घेतलं.

भाचीने ॲक्युपंक्चरही सुचवलं. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात खऱ्या सुया टोचलेल्या १०० पैकी ५१ जणांची डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त कमी झाली, आणि लटक्या सुयांनी ४३ जणांची. फरक आहे, पण थोडा. ताईने खर्चाचा विचार करून तो नाद सोडला आणि मला तिचा हिशेब पटला. डोकं तिचं अजूनही दुखतं, विशेषतः वायद्याच्या आदल्या रात्री. पण कालनिर्णयवर गोल आता क्वचितच दिसतो.

तुम्हीही महिनाभर खुणा करा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा. मात्र डोकं एका क्षणात असह्य दुखलं, तापाबरोबर मान ताठली, बोलणं अडखळलं, हातापायातलं बळ गेलं, मार लागल्यावर दुखणं सुरू झालं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी जडली, तर बाम, लेप, शवासन यांत वेळ घालवू नका. ताबडतोब दवाखाना गाठा.