हातांची लय आणि गंगेचा प्रवाह: रामनगरच्या काठावरील एक अनुभव

पोहणाऱ्याचा वेग दोन राशींच्या गुणाकारातून ठरतो. एका मिनिटात पाण्यात किती हात पडतात ही पहिली राशी असून तिला येथे हातगती म्हटले आहे, तर दर हातामागे शरीर किती पुढे सरकते या दुसऱ्या राशीला हातपल्ला म्हटले आहे. अल्बर्ट क्रेग आणि डेव्हिड पेंडरगास्ट यांनी स्पर्धात्मक जलतरणातील या दोन राशींचा केलेला अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून दिसलेला संबंध आजही प्रशिक्षकांना उपयोगी पडतो: हातगती वाढवत नेली की काही अंतरापर्यंत वेग वाढतो, पण त्याबरोबर हातपल्ला आखडत जातो आणि एका मर्यादेपलीकडे पल्ल्यातील घट गतीतील सगळी वाढ खाऊन टाकते. उदाहरणादाखल, भिंतीला पाय लावून मारलेली उसळी बाजूला ठेवून, ५० मीटर अंतर ४४ हातांत आणि दर हाताला १.३० सेकंद या लयीत कापले, तर ५७.२ सेकंद लागतात, लय १.१० सेकंदांपर्यंत चढवली, पण त्या घाईत हातांची संख्या ५२ झाली, तर वेळ पुन्हा ५७.२ सेकंदच येते आणि दम मात्र अधिक खर्च होतो. मधल्या १.२० सेकंदांच्या लयीत ४६ हात पुरले, तर तेच अंतर ५५.२ सेकंदांत संपते. प्रत्येक पोहणाऱ्याची ही मधली जागा वेगळी असते, आणि ती शोधण्यासाठी हातांची लय बाहेरून कोणीतरी धरून ठेवावी लागते, कारण थकलेल्या शरीराला आपली लय मंदावल्याचे सहसा कळत नाही.

हे काम करणारे उपकरण नाण्यापेक्षा थोडे मोठे असते. फिनिस कंपनीचे टेम्पो ट्रेनर प्रो हे त्यातील सर्वपरिचित. ते टोपीखाली कानशिलाजवळ बसवतात किंवा चष्म्याच्या पट्ट्यात अडकवतात, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवता येणाऱ्या अंतराने ते टिक असा आवाज देत राहते. प्रत्येक टिकेला एक हात पाण्यात शिरला पाहिजे एवढाच नियम असतो. एक सेकंदाचे अंतर ठेवले तर मिनिटाला ६० हात होतात, १.२० ठेवले तर ५०. बनारस घराण्याच्या तबल्याचे एकलवादन ऐकलेल्या वाचकाला या टिकेचे स्थान लगेच उमजेल: लेहरा धरणारी सारंगी स्वतः काही विस्तार करीत नाही, पण तिच्यामुळे तबलियाची प्रत्येक तिहाई समेवर आली की नाही हे लपत नाही.

प्रस्तुत लेखकाने हे उपकरण तरणतलावात नव्हे, तर प्रामुख्याने वाराणसीसमोरच्या रामनगर येथे, गंगेत वापरले, आणि या लेखातील निरीक्षणे त्या वापरातून आली आहेत. काशी नरेश बलवंत सिंह यांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेला किल्ला येथे पूर्व तीरावर उभा आहे. नदी येथून उत्तरेकडे वाहत समोरच्या काठावरील घाटांच्या कडेने मालवीय पुलाकडे जाते. किल्ल्यापासून त्या पुलापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा पूर्वी कासवांचे अभयारण्य म्हणून राखलेला होता. लालबहादुर शास्त्रींचे घर याच रामनगरात असून आता तेथे संग्रहालय आहे, आणि नावेचे भाडे नसे तेव्हा ते शाळेसाठी गंगा पोहून पार करीत अशी कथा येथे सर्वत्र सांगितली जाते. अशा गावात पोहण्याकडे खेळाआधी नदीशी असलेले नाते म्हणून पाहिले जाते, हे येथे काही काळ राहिल्यावर ध्यानात येते. मात्र नदी सुरक्षित नाही: वाळूखाली अचानक खोल डोह लागतात, मोटारबोटींची वर्दळ असते आणि शहराच्या बाजूने सांडपाणी मिसळते, म्हणून पावसाळ्याचे महिने सोडून, काठाला धरून आणि सोबत नाव ठेवूनच हा सराव करण्यात आला.

तलावात मोजमापाची साधने भरपूर असतात. भिंत, घड्याळ, तळावरची काळी रेघ यांपैकी नदीत काहीच नाही, आणि मनगटावरचे उपग्रहाधारित घड्याळ जो वेग दाखवते त्यात प्रवाहाचा वेग मिसळलेला असतो, त्यामुळे आपण बरे पोहलो की नदीने आपल्याला नेले हे त्यावरून समजत नाही. टिक मात्र प्रवाहाने बदलत नाही. याच कारणामुळे नदीत या उपकरणाचे मोल तलावातल्यापेक्षा अधिक आहे, असे लेखकाचे ठाम मत बनले.

सर्वांत बोलका अनुभव श्वासाचा होता. सकाळी किल्ल्यापासून प्रवाहाच्या दिशेने निघाले की उजव्या हाताला उगवता सूर्य डोळ्यांत येतो, म्हणून श्वासासाठी मान आपोआप डावीकडे, घाटांच्या बाजूला वळते, आणि अशा सकाळी एकामागून एक येत गेल्या की एका बाजूच्या श्वासाची सवय घट्ट होते. लय १.१५ सेकंदांवर ठेवून पोहताना आढळले की बिनश्वासाचे हात टिकेवर पडत, पण डावीकडे श्वास घेताना पुढे लांबवलेला उजवा हात किंचित खाली दबून जाई, त्याची ओढ निसटे आणि मागून येणारा डावा हात टिकेच्या मागे राही. प्रशिक्षक काठावर उभा असता तर हा दोष त्याला कदाचित दिसला असता. एकट्या पोहणाऱ्याला तो कानाने सापडला. उपायही लयीतूनच निघाला. प्रथम अंतर १.३५ पर्यंत वाढवून, पुढचा हात पाण्याला टेकवून धरत श्वास लवकर घ्यायचा आणि तोंड लवकर पाण्यात परत आणायचे, आणि मग दर काही मिनिटांनी ०.०३ सेकंद कमी करीत, हात जेथे पुन्हा उशिरा पडू लागेल तेथे थांबून, एक पायरी मागे येऊन तेथेच सराव करायचा. आधी सावकाश करून मग चढत जाण्याची ही रीत टेरी लॉफलिन यांच्या टोटल इमर्शन या पद्धतीच्या अनुयायांमध्ये विशेष रुजलेली आहे. घाईने अंतर कमी करणाऱ्याचे हात टिकेला गाठतात खरे, पण ते पाणी न पकडता नुसते त्यावरून घसरतात, म्हणून टिकेबरोबर हातपल्ल्याकडेही लक्ष ठेवावे लागते. किल्ल्याचा एक बुरूज ते पुढचा बुरूज असे काठावरचे ठरावीक अंतर घेऊन हात मोजले, आणि ते दोन्ही दिशांनी पोहून प्रवाहाचा परिणाम वजा केला, तर हे काम नदीतही साधते.

प्रवाहाविरुद्ध पोहताना एक वेगळाच हिशेब पुढे येतो आणि त्याची दखल तरणतलावात वाढलेल्या पुस्तकांत फारशी घेतलेली नसते. समजा, पोहणाऱ्याचा स्थिर पाण्यातील वेग ताशी तीन किलोमीटर आणि प्रवाहाचा दोन किलोमीटर आहे. प्रवाहाबरोबर जाताना काठाच्या तुलनेत वेग पाच होतो, उलट जाताना केवळ एक. आता पल्ला न गमावता हातगती दहा टक्क्यांनी वाढवली, तर पहिल्या दिशेत पाचाचे ५.३ होतात, म्हणजे लाभ सहा टक्के. दुसऱ्या दिशेत एकाचे १.३ होतात, म्हणजे लाभ तीस टक्के. तेव्हा दमाची पुंजी प्रवाहाविरुद्धच्या टप्प्यावर खर्च करावी आणि प्रवाहाबरोबरच्या टप्प्यावर लय सैल सोडावी, हा निष्कर्ष गणितातून सरळ निघतो, पण अंगाला तो उलटा वाटतो, कारण काठ झरझर मागे पडू लागला की उत्साहाने हात जोरात चालू लागतात आणि काठ हलेनासा झाला की मन खचून हात मंदावतात. टिकेने ही दोन्ही ओढाताण थांबवली. लाटा उठल्या असताना मात्र लय थोडी जलद ठेवणेच हिताचे ठरले, कारण हात पुढे लांबवून सरकत राहण्याच्या क्षणी लाट आली की शरीर जागच्या जागी थांबते.

महाराष्ट्रात समुद्री जलतरणाची परंपरा मोठी आहे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे लांब अंतर अनेक मराठी मुलामुलींनी पार केले आहे, आणि पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी ओलांडून जगातील सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. इंग्लिश खाडीसारख्या थंड पाण्यातील मोहिमेत सोबतच्या नावेतील माणसे पोहणाऱ्याचे हात ठरावीक वेळाने मिनिटभर मोजत असतात, कारण हातगतीतील घसरण हे शरीराचे तापमान उतरत असल्याचे लवकर दिसणारे लक्षण असू शकते. रामनगरच्या नावाड्यालाही हे मोजणे शिकवता आले, आणि त्याच्या मोजणीतील आकडा व उपकरणाचा आकडा यांत अंतर पडले की सराव तेथेच थांबवण्याचा नियम पाळला गेला.

तलावातील अधिकृत स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वेग राखून देणारे कोणतेही साधन वापरता येत नाही. म्हणून सरावाचा अखेरचा भाग नेहमी उपकरण काढून झाला: टोपीतून ते काढून नावेत ठेवायचे, तोच पट्टा पुन्हा पोहायचा आणि नावाड्याकडून हात मोजून घ्यायचे. सुरुवातीला टिक बंद होताच लय काही मिनिटांतच उतरत असे. हिवाळा संपेपर्यंत किल्ल्याखालचा एक पूर्ण फेरा ती जवळपास अढळ राहू लागली, आणि जी थोडी उतरे ती डाव्या श्वासाच्या हातावरच.