कमाटीबागेतून बाबांना

बडोदे, गुरुवार रात्र

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. आत्या दांडियाबाजारातल्या घरी वाटच बघत होती. दारातच तिने विचारलं, "दादा नाही ना आला? त्याचं येतो येतो चालूच राहणार." तुमच्या वाटची बोलणी मी खाऊन घेतली, आणि त्यावर सेव-उसळही. उसळ आपलीच, पण तिच्यावर शेवेचा ढीग आणि तर्री वेगळ्या वाटीत. ज्याने त्याने आपल्या हिमतीने ओतायची. कोल्हापूरकरांनी नाक मुरडावं असं काही नाही, चांगली झणझणीत आहे.

मग आत्याला घेऊन कमाटीबाग गाठली. कागदोपत्री ती सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगायचं. बाहेर काळा घोडा आहे, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने केलेला. सयाजीराव 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक म्हणून इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते. 1881 मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. बाग त्याआधीची, 1879 ची. आत प्राणिसंग्रहालय आहे, मुलांची आगगाडी आहे, आणि मधून विश्वामित्री वाहते. नदीत मगरी आहेत, अगदी शहराच्या मध्यावर! आत्याने मला काठापासून हात धरून लांब ओढलं.

या सगळ्या गजबजाटात म्युझियम उभं आहे. इमारत 1894 ची, रॉबर्ट चिझमची. हे नाव तुम्हाला लक्षात ठेवायला सोपं जाईल. आपला कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणाऱ्या मेजर मँटने इथला लक्ष्मीविलास पॅलेस सुरू केला होता. 1881 मध्ये तो वारला आणि काम चिझमने पुरं केलं. त्यामुळे कमानी आणि घुमट बघताना मला सारखं ओळखीचं वाटत होतं.

आत लोक सगळ्यात आधी जातात ते व्हेल बघायला. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा हा सांगाडा, लांबी सुमारे 70 फूट. बरगड्यांच्या रांगेखालून बघितलं की त्याचं तोंड संपून पोट कुठे सुरू झालं ते एका नजरेत कळत नाही. मान मागे-पुढे करावी लागते. त्यानंतरची गर्दी इजिप्तच्या ममीपाशी. पोरं काचेला नाक लावून उभी, आणि आया मागून ओरडताहेत. देवमासा, ममी, दगडी मूर्ती, जपानी भांडी, कापडं, सगळं एकाच छपराखाली. तुमचं एक ठाम मत आहे, राजेलोकांनी परदेशातून मिळेल ते आणून कोठ्या भरल्या. आज खालचा मजला बघताना मीही क्षणभर तुमच्या बाजूची झाले होते. उद्या चित्रं बघते, मग भांडू.

तुमची,
धाकटी


बडोदे, शुक्रवार संध्याकाळ

ती. बाबांस,
सा. न.

आज दिवसभर म्युझियमच्या चित्रशाळेत होते, इथे तिला पिक्चर गॅलरी म्हणतात. आत्या तासाभराने बाहेर बाकावर जाऊन बसली. तिला तिथे ओळखीची दोन माणसं भेटली, आणि मला मोकळीक मिळाली.

आधी हकिकत सांगते, कारण तीच तुमच्या मताच्या आड येते. गॅलरीचं बांधकाम 1908 मध्ये सुरू झालं आणि 1914 मध्ये संपलं. चित्रं निवडण्याचं काम महाराजांनी मॅरियन स्पीलमन या लंडनच्या कलासमीक्षकावर सोपवलं होतं. इमारत तयार झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. चित्रं युरोपात अडकली, भिंती इथे कोऱ्या. युद्ध संपून चित्रं येऊन गॅलरी लोकांसाठी उघडेपर्यंत 1921 उजाडलं. मिळेल ते गोळा करणाऱ्याने जाणकार कशाला नेमला असता? इथे हेतू सरळ दिसतो: बडोद्याच्या माणसाने बोटीत न बसता युरोपची चित्रकला क्रमाने बघावी.

टर्नर, कॉन्स्टेबल ही नावं इथे आहेत. पण सगळी चित्रं मोठ्या नावांची नाहीत. काही मूळ आहेत, काही थोरांच्या शिष्यपरंपरेतली, काही जुन्या नकला. नकलेला तुम्ही कमी लेखता हे मला माहीत आहे. पण गुजरातेतल्या एखाद्या पोराला तैलरंग कसे एकावर एक चढतात ते दाखवायला चांगली नकलही पुरेशी होती. तुम्ही आम्हाला पोस्टकार्डाएवढ्या छापील चित्रांवरून शिकवलंत. त्यात कुंचल्याचा फटकारा दिसतच नव्हता. इथे एका जुन्या व्यक्तिचित्राशी, रखवालदार चालवून घेईल इतकं जवळ गेले. गालावर वार्निशचं पिवळट पाणी, त्याखाली केसासारख्या बारीक भेगांचं जाळं, आणि नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एकच जाड ठिपका. दोन पावलं मागे सरकले, तर ठिपका गेला आणि ओलसर चकाकी उरली. ही गोष्ट तुम्ही फळ्यावर खडूने किती वेळा समजावलीत!

आता मुख्य गोष्ट. दुपारी खेड्यातलं एक कुटुंब आलं: आजोबा, मुलगा, सून, दोन नातवंडं. देवमासा बघून झाला होता, पोरांना आगगाडीचे वेध लागले होते. आजोबा मात्र एका निसर्गचित्रापुढे थबकले. नदीकाठ, झाडं, चरणारी गुरं. बराच वेळ बघून ते मुलाला गुजरातीत म्हणाले, ही गाय गाभण आहे. मुलगा म्हणाला, कशावरून? मग त्यांनी काठीने, काच सांभाळून, हवेतच दाखवलं: पोट कुठे उतरलंय, मागचे पाय कसे रोवलेत. मीही नीट बघितलं. चित्रकाराने ते खरोखर रंगवलेलं होतं, आणि एवढा वेळ त्या चित्रासमोर घालवून मला फक्त ढग दिसले होते.

त्या आजोबांना चित्रकाराचं नाव ठाऊक नव्हतं, त्यांनी पाटीही वाचली नाही. ते बागेत आले होते, वाटेत म्युझियम लागलं म्हणून आत शिरले. ही चित्रं राजवाड्यात असती तर ते फाटकापाशीच बिचकले असते. सयाजीरावांनी चित्रांवर पैसा किती घातला यापेक्षा चित्रं ठेवली कुठे, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

तुमची,
धाकटी


बडोदे, रविवार

ती. बाबांस,
सा. न.

राजवाड्याच्या आवारातलं फत्तेसिंग म्युझियम काल बघितलं. रविवर्मा तिथे आहे. 1888 मध्ये महाराजांनी त्याच्याकडून पुराणप्रसंगांची चौदा चित्रं मागवली. पुढे त्याच्या छापखान्यातून निघालेल्या चित्रांनी आपल्याकडच्या भिंती भरल्या. आजीच्या देवघरातली लक्ष्मीही त्याच घराण्यातली. शंतनू-मत्स्यगंधा मूळ रंगांत बघताना अंगावरच्या कापडाचं वजन जाणवतं. छापील प्रतीत ते कधीच उतरलं नव्हतं. तेव्हा नकलेबद्दलचं तुमचं म्हणणं इथे मान्य, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

आज सकाळी परत कमाटीबागेत, या वेळी फक्त अकोट्याच्या धातुमूर्तींसाठी. अकोटा म्हणजे बडोद्याचाच एक भाग. तिथे 1951 मध्ये जैन मूर्तींचा साठा सापडला, आणि उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास जगापुढे आणला. जीवंतस्वामी म्हणजे संसारत्याग करण्याआधीचे महावीर: डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, पण उभं राहणं मात्र तपस्व्याचं, हात सरळ खाली सोडलेले. राजपुत्राचा थाट आणि निघून जायची तयारी, दोन्ही एका मूर्तीत. सहाव्या शतकाच्या आसपासचं काम. शेजारच्या चामरधारिणीची कंबर एका बाजूला कललेली आणि चवरी सहज खांद्यावर टाकलेली. चवरी ढाळून हात अवघडला असावा इतकी ती खरी वाटते.

हे म्युझियम चालवणारी माणसंही विलक्षण. हिटलर आल्यावर जर्मनी सोडावी लागलेले अर्न्स्ट कोह्न-वीनर 1934 मध्ये इथे आले. त्यांच्यानंतर हर्मन गोएट्झ, तेही जर्मन, 1940 पासून 1953 पर्यंत प्रमुख. स्वतःचा देश सोडून आलेल्या कलाभ्यासकांना बडोद्याने काम दिलं. त्याच काळात, 1950 मध्ये, विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी उभी राहिली, आणि तिथे चित्रकला शिकवायला बेंद्रे आले, तुमचे नारायण श्रीधर बेंद्रे! 1952 मध्ये विद्यापीठात म्युझियम चालवण्याचं शिक्षणही सुरू झालं. हे सगळं एकमेकांना धरून आहे: आधी बघायची सोय झाली, मग शिकायची.

आज मूर्तींपुढे एक मुलगी फरशीवर मांडी घालून स्केच करत होती. चामरधारिणीचा हात तिला जमत नव्हता. खोडायची, पुन्हा काढायची. लोक तिला ओलांडून जात होते. तिला कुणी उठवलं नाही.

आता एक मागणं. आपल्या टाऊन हॉलची इमारतही मँटचीच, तीही बागेत, आणि तिच्यातही म्युझियम आहे. आपण लहानपणी तिथे भेळ खायला जायचो. तुमच्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं दर रविवारी येतात आणि ओट्यावर बसून स्थिरचित्रातला तोच पितळी तांब्या काढतात. येत्या रविवारी त्यांना टाऊन हॉलमध्ये घेऊन जा. वही-पेन्सिल बरोबर असू द्या, आणि पहिला अर्धा तास त्यांना काहीही शिकवू नका. कोण कशापुढे थांबलं तेवढं टिपून ठेवा; आल्यावर मला ते ऐकायचं आहे.

आईला नमस्कार. मंगळवारच्या गाडीने निघते.

तुमची,
धाकटी