ओल्या फडक्याची पुण्याई

स्टँडर्ड हेराल्डचं तोंड अख्खं उघडतं. दोन्ही बाजूंचे खटके सोडले की बॉनेट, मडगार्ड, दिवे असं सगळं एका तुकड्यात पुढे कलतं आणि इंजिन मोकळं होतं. दुरुस्तीला बसलेल्या माणसाला चक्क पुढच्या चाकावर बूड टेकता येतं. ही गाडी रेखाटली जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं. 1959 मध्ये ती इंग्लंडात ट्रायम्फ नावानं आली, 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बनवायला घेतली. हिच्याच सांगाड्यावरून 1962 मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही उघडी स्पोर्ट्स कार निघाली. त्या नात्यानं आमच्या शेडखालची दोन दारांची हेराल्डही स्वतःला स्पोर्ट्स कार समजते, आणि आम्ही समजू देतो. 948 सीसीचं इंजिन या समजुतीला साथ देत नाही, ही गोष्ट वेगळी.

नागपूरच्या थंडीत हिला कसलाच आजार नसतो. सकाळी धुकं असताना अर्ध्या फेऱ्यात सुरू होते, हायकोर्टाच्या बाजूनं डौलात जाते. होळी पेटली की दुखणं उघडं पडतं. फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ लागला, इंजिन गुदमरतं, आचके देतं आणि गप्प. अर्ध्या तासानं, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

"भाऊ, पंप गरम होऊन राहिला," मिस्त्री म्हणाले. "ओला फडका टाका."

विदर्भात हे निदान पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या दिवसांत पाण्याची बाटली आणि फडकं हे गाडीचेच सुटे भाग होते. त्यामागचं शास्त्रही खरं. पेट्रोलला एकच उत्कलनबिंदू नसतो, त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उडू लागतात. हेराल्डचा पंप इंजिनालाच चिकटून बसलेला. बाहेर पंचेचाळीस अंश, आत त्याहून कितीतरी जास्त. नळीतच वाफ धरते, आणि पंपाला पातळ ओढता येतं, वाफ नाही. म्हणून पंपावर फडकं, नळीवर एस्बेस्टॉसची दोरी, मध्ये पत्र्याचा आडोसा. ही कामंही सुखासुखी होत नाहीत. या गाडीचे नट इंचांतले. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. जुन्या गाड्यांची अर्धी दुखणी ही आधीच्या दुरुस्त्यांची असतात, असं माझं मत आहे.

एवढं करूनही चढावर गाडी बंद. मग एका भर दुपारी, बंद पडली त्याच ठिकाणी, गार व्हायची वाट न बघता कार्बोरेटरचं झाकण उघडलं. आत पेट्रोल काठोकाठ. म्हणजे पंप त्याचं काम करत होता. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली, सेल्फ मारला. निळी कडकडीत ठिणगी हवी होती, तिथे पिवळा, मरतुकडा धागा. चोर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीखाली होता. कंडेन्सर, बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. तापली की तिच्या आतलं आवरण वीज झिरपू देतं, पॉइंट जळू लागतात, ठिणगी दुबळी होते. गार झाली की पुन्हा साळसूद. फडकं टाकून आपण अर्धा तास पंप गार करत बसतो, तेवढ्यात ही डबीही निवते. पुण्य मात्र फडक्याच्या खाती.

नवे कंडेन्सर मिळतात, पण त्यांचा भरवसा नाही, दुसऱ्याच महिन्यात दगा देतात. शेवटी 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपासचा एक कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरबाहेर, इंजिनाच्या धगीपासून दूर बसवला. मिस्त्रींना ते दृश्य आवडलं नाही. "कंपनीनं आत दिला तर आतच पाहिजे." कंपनी मद्रासची होती, नवतप्यातल्या नागपूरची नव्हे, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. वाफेचा रोगही खोटा नव्हता. दोन आजार एकच लक्षण दाखवत होते, इतकंच. त्यात 2025 पर्यंत पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. ते जुन्या रबरी नळ्या मऊ करतं, म्हणून त्याही बदलल्या.

2021 च्या नियमानुसार हिच्यासारख्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला मनाई, देखभालीसाठी मात्र रस्त्यावर काढता येते. आणि देखभाल आमच्याकडे कधी संपत नाही.

तेव्हा मे महिन्यात एखाद्या चढावर, तोंड उघडलेल्या जुन्या गाडीशेजारी कुणी ओलं फडकं घेऊन उभा दिसला, तर थांबा. आधी प्लगची ठिणगी बघायला सांगा. पाण्याची बाटलीही देऊन जा, ती त्याला स्वतःला लागेल.