वसुंधरेचा अनुस्वार

लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईंच्या गळ्यात चांदीत कापलेलं नाव होतं : वसुंधरा. त्यांचं स्वतःचं की लेकीचं, कोण जाणे. माझी नजर अडकली ती अनुस्वारावर. कागदावर टिंब रेघेच्या वर खुशाल सुटं राहतं. चांदीत कसं राहणार? कारागिराने केसाएवढा देठ ठेवून त्याला खालच्या शिरोरेघेशी बांधून टाकलं होतं.

पत्र्यातून नाव कापताना रोमन लिपीवाल्यांना अक्षरं मुद्दाम एकमेकांना चिकटवावी लागतात. आपल्याला वरची रेघ आयती मिळते, सगळं नाव तीच तोलून धरते. पण ध आणि भ दगा देतात. त्यांच्या डोक्यावरची रेघ अर्धीच. मजबुतीसाठी ती पुरी केली की वसुंधराची वसुंघरा होते आणि विभाचा विमा! म्हणून जाणता सोनार धचं वळलेलं टोक शेजारच्या रेघेला अलगद टेकवतो आणि तेवढ्या जागी करवतीचा हात आखडता घेतो. वच्या पोटातली, सच्या बगलेतली जागा चहूकडून बंद. तिथे आधी भोक पाडायचं, करवतीचं पातं सोडवून त्यातून ओवायचं, ताणायचं, कापायचं, पुन्हा सोडवायचं. मजुरी खरं तर या बंद पोटांवर ठरायला हवी. गीताने कमी द्यावेत, पद्मावतीने जास्त.

अनुस्वाराला देठाखेरीज दुसरीही वाट आहे. चांदीच्या तारेचा कपटा कोळशावर ठेवायचा आणि ज्योत द्यायची. शुद्ध चांदी 961 अंशांच्या पुढे वितळते, आणि वितळताक्षणी अंग आवळून घेऊन तिची आपोआप गोळी होते. हा रवा रेघेवर डाखाने बसवला की झालं. बाकीची अक्षरं माणसाला कापावी लागतात; अनुस्वार तेवढा चांदी स्वतः लिहिते.

ठसे ठोकून नाव उमटवणं त्यामानाने सोपं, पण ते इंग्रजीला. 26 ठशांची डबी घेतली की संपलं. एकच घाव नेमका बसला पाहिजे, दुसरा पडला की अक्षराला सावली येते. मराठीच्या काना-मात्रांना आणि जोडाक्षरांना डबी पुरायची नाही. म्हणूनच की काय, शंकररावांच्या बोटातसुद्धा अंगठी असते ती एसची. मला ती नेहमी उसनी आणलेली वाटते.

माझं मन रमतं ते टिंबांच्या अक्षरांत. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसायचा. मांडीवर वाटी उपडी धरायची, हातात इवलीशी छिन्नी आणि हातोडी. आधी आखणं नाही, खुणा नाहीत. टकटक करत टिंबामागून टिंब जायचं आणि त्यातून नाव उभं राहायचं. मान वर न करता तो एवढंच विचारायचा, ‘‘वेलांटी पहिली की दुसरी?’’ पैसे अक्षरामागे, त्यामुळे ‘यांजकडून सप्रेम भेट’मधलं ‘यांजकडून’ आधी गळायचं. सप्रेमला मात्र कुणी हात लावत नसे. पुढे विजेचं यंत्र आलं. त्याची अक्षरं वळणदार खरी, पण त्यांत बसची घाई दिसते.

आत्याकडे चांदीची दोन भांडी होती. बारशाची वाटी, तिच्यावर ‘चि. इंदू’. आणि लग्नातलं फुलपात्र, त्यावर ‘सौ. सुनंदा’. मधल्या काळात ताटात तांदूळ पसरून काकांनी अंगठीने नवं नाव लिहिलं होतं. ते तांदूळ गेले, फुलपात्र राहिलं. सासरी तिला इंदू म्हणणारं कुणी नव्हतं. पाहुण्यांपुढे फुलपात्र यायचं, वाटीतून मात्र ती एकटी दूध प्यायची. आम्ही मुलांनी मागितलीच तर म्हणायची, ‘‘थांब हं, इंदूला विचारून सांगते,’’ आणि इंदू हमखास नाही म्हणायची. दिवाळीआधी दोन्ही भांडी दंतमंजनाने घासली जात. फुलपात्र खसाखसा, वाटीच्या पाठीवर तिचा अंगठा नुसता फिरायचा. तरी शेवटी शेवटी इंदूमधला द बोटालाच लागायचा, डोळ्यांना नाही. काकांना हे ठाऊक होतं का, कुणास ठाऊक. त्यांनी तिला कायम ‘अहो’च म्हटलं.

चांदीवरच्या नावांचा आणखी एक चमत्कारिक मासला जुन्या रुपयांत सापडतो. मराठ्यांच्या टांकसाळींत पाडलेल्या कितीतरी रुपयांवर नाव आहे दिल्लीच्या शाहआलमचं, तेही फारसीत. त्यात ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे घाव बसे तिथलाच मजकूर उमटे, बाकीचा ऐरणीवरच राहून जाई. एका रुपयावर शाहाचा तुकडा, दुसऱ्यावर आलमचा. बादशहा एका नाण्यावर पुरता मावला असं क्वचितच. पुण्याच्या रुपयावर अंकुशाची खूण असे, म्हणून तो अंकुशी. असल्या रुपयांना कड्या लावून बायकांनी माळा केल्या, आणि दिल्लीपतीचे हे तुकडे बाजारहाटाला, जत्रेला, विहिरीवर हिंडू लागले. माळ घालणारीला फारसी कुठलं यायला? पण माळेत रुपये किती आणि त्यातला खोटा कुठला, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.