यंदाची अंडी काकीकडे

लग्न होऊन वसईत आले तेव्हा ईस्टर म्हणजे बेकरीच्या काचेमागची रंगीत अंडी, एवढंच मला ठाऊक होतं. मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, "यंदा पोरांची अंडी तू कर." मी हो म्हणाले. सण नेमका कधी, हेही पुतण्याला विचारावं लागलं.

"काकी, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघायची. तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर." म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलमधला कुठलाही रविवार. हिशेब चर्चचा, पण पौर्णिमेवर चालणारा! होळी-कोजागिरीच्या घरातून आलेल्या मला एकदम धीर आला.

राखेच्या बुधवारी मुलं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली आणि उपवासकाळ सुरू झाला. चॉकलेट बंद, खाऊचे पैसे गरिबांसाठी डब्यात. मी कॅलेंडरवर दिवस मोजले तर ४० ऐवजी ४६ भरले. "रविवार धरायचे नसतात गं," सासूबाई म्हणाल्या. पूर्वी युरोपात या दिवसांत अंडीसुद्धा वर्ज्य होती, हेही त्यांच्याकडूनच कळलं. कोंबड्या अंडी देतच राहायच्या, ती साठायची आणि ईस्टरला ताटात यायची. काचेमागच्या त्या अंड्यामागे एवढी वाट पाहणं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पवित्र शनिवारी सकाळी पोरांच्या अंड्यांसाठी मार्झिपॅन करायला बसलो. काजूची बारीक पूड, तेवढीच साखर, अंड्यातला पांढरा भाग, थोडं गुलाबपाणी. मंद आचेवर सतत ढवळायचं. काजूकतलीसारखंच दिसत होतं, पण उतरवायचं कधी ते कळेना. सासूबाईंनी चिमूटभर गोळा बशीत गार केला, बोटांत वळला. गुळगुळीत वळला, बोटाला चिकटला नाही की गॅस बंद. मग मळायचं, साच्याला पिठीसाखर लावून दाबून भरायचं, दोन अर्धुकं जोडायची. माझ्या अंड्यांचा सांधा काही मिटेना. मुलीने करंगळी ओली करून तो हलकेच फिरवत बुजवला. उरलेल्या सांध्यावर आयसिंगची वेल आली. नावं पुतण्याने घातली. जोडाक्षर आयसिंगच्या कोनातून काढणं मला जमत नाही, त्याला जमतं.

रात्री जागरणाच्या मिस्साला चर्चमधले सगळे दिवे मालवलेले. बाहेर नवा अग्नी पेटवला, फादरांनी पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस आणि सालाचे आकडे कोरले. तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत गेली. पुढे काय होणार ते मला माहीत नव्हतं, पण पोरं कान टवकारून बसली होती. गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजू लागल्या. खांद्यावर झोपलेली मुलगी दचकून उठली आणि थोड्या वेळाने उपवासकाळभर कुणी न गायलेलं 'आलेलुया' सुरू झालं तेव्हा मोठ्या आवाजात गाऊ लागली. तिला ते पाठ होतं, मला नव्हतं.

रविवारी सकाळी आपापल्या नावाचं अंडं ज्याच्या त्याच्या हातात पडलं. दुपारपर्यंत साखरेचे कणही उरले नाहीत. मुलीचा चेहरा उतरला: सण संपला? पुतण्या म्हणाला, "पेन्टेकॉस्टपर्यंत ५० दिवस ईस्टरच असतो." उपवास ४० दिवसांचा आणि आनंद ५० दिवसांचा, हा हिशेब मला फार आवडला. उरलेली काजूपूड मी फ्रीजमध्ये जपून ठेवली.